राजाच्या नावावरची रेघ

फार पूर्वी, नाणी हातोड्याने ठोकून पाडत असत त्या काळी, एका राजधानीत एक पारखी होता. बाजाराच्या चौकात, तेल्याच्या घाण्याच्या भिंतीला लागून तो बसे. समोर काळे कापड, बाजूला पाण्याचा तांब्या आणि खाली चटई, एवढेच त्याचे दुकान. विकायला काही नव्हते. कोणी खराब नाणे आणले, की ते कशाने खराब झाले हे सांगणे, हेच त्याचे काम.

त्या राज्यात नाणे असे तयार होई. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, त्यावर मासा कोरलेला. दुसरा ठसा कारागिराच्या हातात, त्यावर राजाचे नाव. मधे चांदीची कोरी चकती ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. एका दणक्यात खाली मासा उमटे, वर नाव. पण माणसाचाच हात तो. कधी चकती सरके आणि माशाचे शेपूट बाहेरच राही. कधी हातोडा दोनदा पडे आणि नाव दुहेरी दिसे. कधी ठशालाच तडा जाई, मग त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी एक बारीक उंचवटा येई. अशा नाण्याला लोक जन्मखुणेचे नाणे म्हणत. त्यात बाळगणाऱ्याचा काही दोष नाही, म्हणून खजिन्यातून ते बदलून मिळे.

बाजारात आल्यावर ज्याला मार लागला, ते नाणे घावाचे. कोणी दगडावर आपटलेले, कोणी कानशीने कडा घासून चांदी काढून घेतलेली, कोणी भोक पाडून गळ्यात बांधलेले. ते बदलून मिळत नसे. ज्याच्या हातात असेल, त्याने सोसायचे.

हे दोन प्रकार दिसायला पुष्कळदा सारखेच असत. फरक ओळखायचा तर सावकाशीने बघावे लागे, आणि पारखी सावकाश बघणारा माणूस होता.

एकदा एक वाणी कडेला दबलेले नाणे घेऊन आला.

"पारखीबुवा, हे जन्मतःच असं आहे बघा. तसं सांगा खजिन्यात."

पारख्याने कडेवरून नख फिरवले. "शेटजी, इथे खड्डे आहेत आणि मागे, बरोबर त्यांच्यासमोर, आणखी खड्डे आहेत. टांकसाळीत हातोडा असतो. दात नसतात."

चौक हसला. वाणीही हसला. "अहो, चांदी खरी आहे का ते बघत होतो!"

"मग आता कळलं ना खरी आहे? ठेवा जपून."

दुसऱ्या एका दिवशी एक गवळी आला. त्याच्या नाण्यावर राजाचे नाव अर्धेच होते. तो आधीच ओशाळला होता. आपल्याला कोणीतरी घासलेले नाणे देऊन फसवले, आणि आता सगळ्यांसमोर आपले हसे होणार, असे त्याला वाटत होते.

पारख्याने ते बराच वेळ पाहिले. "घासलेलं असतं तर उरलेली अक्षरंही झिजलेली दिसली असती," तो म्हणाला. "ही बघ, अगदी कोरी आहेत. ठोकताना चकती सरकली, बाकी काही नाही. जा, बदलून घे. आणि मान वर करून जा."

कोणी विचारले, की तो समजावून सांगे. "घाव बसला की धातू कुठेतरी सरकतो. काठाला उचलून येतो, नाहीतर मागच्या बाजूने फुगतो, नाहीतर मागची नक्षी चेपते. घाव एका बाजूला बसला तरी दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता लागतोच. जन्मखुणेला तसं नसतं. ती एका बाजूला असली, तरी दुसरी बाजू शांत असते."

आता दुसरी बाजू बघण्यात एक अडचण होती. त्या राज्यात राजाचे नाव जमिनीकडे करायचे नाही, अशी रीत होती. दुकानदार गल्ल्यात नाणी टाकतानासुद्धा नाव वर ठेवत. नाणे उपडे ठेवणे म्हणजे राजाला उपडे पाडणे, असे मानत. पारख्याने त्यातून आपला मार्ग काढला होता. तो नाणे दोन बोटांत धरून हात डोक्याच्या वर नेई, नाव आकाशाकडे राहील असे. मग मान मागे टाकून खालून मासा बघे. तेली त्याला चिडवत असे, "बुवा पुन्हा आभाळाला नाणं दाखवतायत! आभाळ काय म्हणालं, बुवा?" पारख्याची मान दुखे, पण त्याने कधी हात वर करायचा कंटाळा केला नाही. आपण आजवर एकही खोटा निवाडा दिलेला नाही, याचा त्याला अभिमान होता, आणि ते खरेही होते.

मग वाईट वर्ष आले.

राजाने शेजारच्या राज्याशी लढाई काढली आणि तिचा खर्च भागवण्यासाठी कर दुप्पट केला. कर भरून लोक टेकीला आले. उघड बोलायची सोय नव्हती. तेव्हा कोणीतरी, कोण ते कधीच कळले नाही, छिन्नी घेऊन नाण्यावरच्या राजाच्या नावावर आडवा घाव घातला आणि ते नाणे बाजारात सोडून दिले. मग आणखी कोणी तेच केले. देवळाच्या पायरीवर, जकातीच्या पेटीत, जिकडे तिकडे नाव कापलेली नाणी सापडू लागली.

राजा संतापला. दवंडी पिटली गेली: ज्याच्या हातात नावावर घाव असलेले नाणे सापडेल, त्याला नदीपार घालवले जाईल. तो पुन्हा या काठावर पाऊल ठेवणार नाही. आणि घाव आहे की जन्मखूण आहे, हे पारखी सांगेल.

त्या दिवसापासून पारख्याच्या चटईशेजारी कोतवालाची बैठक पडली. पहिल्यापहिल्यांदा सगळे ठीक चालले. जे नाणे कापलेले होते ते कापलेलेच होते. काठ उचललेले, मागे मासा चेपलेला. पारखी हात वर करी, बघे आणि जे असेल ते सांगे. त्याला वाईट वाटे, पण ते खरे होते.

एके दिवशी टांकसाळीचा दारोगा घोड्यावरून आला. तो राणीचा भाऊ होता. खाली उतरला नाही.

"पारखीबुवा, यंदा माझ्या टांकसाळीतून एकही चुकीचं नाणं बाहेर पडलेलं नाही."

"साल अजून सरलं नाही, साहेब," पारखी म्हणाला.

"तेच सांगतोय. पडलेलं नाही आणि पडणारही नाही. दिवस कसे आहेत, बघताय ना? महाराजांचं नाव टांकसाळीतच बिघडतं, असं चौकात कोणी म्हटलं तर महाराजांना काय वाटेल?" त्याने घोड्याचा लगाम जरा सैल केला. "तुम्हाला मुली आहेत ना?"

"आहेत."

"लग्नाच्या?"

"थोरली आहे."

"सुखरूप पार पडू दे," दारोगा म्हणाला आणि निघून गेला.

त्या शहरात गोजरा नावाची एक भडभुंजीण होती. गल्लीच्या तोंडाशी तिची भट्टी होती. कढईत वाळू तापवायची, तीत हरभरे टाकायचे, तडतडले की झाऱ्याने उपसून चाळायचे. घरात ती आणि तिची आई. आईचे पाय गेलेले होते. उठवायला, बसवायला, पाणी द्यायला, सगळ्याला गोजराच लागे. भट्टी घराच्या दाराशीच होती, म्हणून जमत होते. कढई हलवता हलवता ती आत ओरडून आईशी बोलत असे आणि आई आतून गिऱ्हाइकांना भाव सांगत असे.

गोजरा हरभरे आणायला वाण्याकडे गेली आणि तिने दिलेल्या नाण्यावर वाण्याला रेघ दिसली. राजाच्या नावावरून तिरकी गेलेली, खोल. वाण्याने हात झटकला, जणू विंचू चावला. "हे माझ्याकडे आलं नाही हां! सगळ्यांनी बघा, मी घेतलेलं नाही!" तो ओरडत सुटला. शिपाई आले आणि तिला चौकात घेऊन गेले.

"हे नाणं तुझं?" कोतवालाने विचारले.

"माझ्याकडे आलं म्हणून माझं. कोणीतरी फुटाणे घेतले, हे दिलं. गिऱ्हाईक फुटाणे बघतं आणि मी कढई बघते. नाण्याकडे बघत बसले तर हरभरे करपतील."

लोकांत खसखस पिकली. कोतवाल हसला नाही.

"महाराजांच्या नावावर छिन्नी चालवलीस."

"छिन्नी? माझ्या घरात झारा आहे नि चाळण आहे. येऊन बघा. झाऱ्याने कोणी चांदी कापली असेल तर मलाही शिकवा." मग तिने पारख्याकडे पाहिले आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "दादा, तुम्ही आहात ना. बघा तुम्ही. तुम्ही बघितलं की झालं."

नाणे काळ्या कापडावर ठेवले गेले. नाव वर.

पारख्याने वाकून पाहिले. रेघ खोल होती, पण तिचे काठ उचललेले नव्हते. ती अक्षरांवरून गेली होती, पण अक्षरे आपल्या जागची हलली नव्हती. छिन्नी गेली असती तर एका अक्षराची चांदी दुसऱ्यात लोटली गेली असती.

त्याने नुसते नख फिरवले असते तरी उलगडा झाला असता. हात वर करून मासा बघितला असता तर शंकाच उरली नसती. पण मग ते बोलावे लागले असते. कोतवालासमोर, सगळ्या चौकासमोर म्हणावे लागले असते, की हा दोष टांकसाळीचा आहे. त्याला घोड्यावरचा दारोगा आठवला. थोरली मुलगी आठवली.

आणि खोटे तर त्याला बोलायचे नव्हते. आयुष्यात बोलला नव्हता. तेव्हा त्याच्या मनाने त्याला एक वाट दाखवली. जे आपण बघितलेच नाही, ते आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते सांगितले नाही, तर त्यात खोटे काय?

"बुवा?" कोतवाल म्हणाला.

"वरून तरी घावासारखी दिसते."

"घाव ना?"

"घावासारखी."

गोजराला आधी कळलेच नाही. मग ती म्हणाली, "दादा, वर धरून बघा ना. रोज बघता तसं. मान दुखतेय का? मी तेल लावून चोळून देते, पण बघा एकदा."

या वेळी कोणी हसले नाही. पारखी तांब्यातले पाणी प्यायला. सगळा चौक त्याच्या हाताकडे बघत होता. त्याने तांब्या खाली ठेवला आणि हात मांडीवर ठेवले.

"दिसलं ते सांगितलं," तो म्हणाला.

"घाव!" कोतवालाने पुकारले.

शिपायांनी गोजराला दंडाला धरले. ती नाण्याबद्दल काही बोलली नाही. चौकातून नेताना ती एवढेच ओरडत होती, "आईला कोणीतरी पाणी द्या! दार नुसतं लोटलेलं आहे! अहो, आईला पाणी द्या कोणीतरी!"

शेजारच्या बाईने ते ऐकले. तिने आईला पाणी दिले आणि संध्याकाळी पेजही दिली. पण तिला स्वतःचे घर होते, लेकरे होती. ती जमेल तेव्हा येई. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून असे.

दोषी ठरलेली नाणी पारख्याच्या पेटीत जमा होत आणि मग वितळवायला टांकसाळीत जात. पारख्याने बरेच दिवस ती पेटी उघडली नाही. शेवटी ती पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने गोजराचे नाणे बाहेर काढले. चौकात दुपारची सामसूम होती. कोतवाल जेवायला गेला होता.

त्याने रेघेवरून नख फिरवले. नख कुठे अडले नाही. त्याने हात वर केला. माशाचा एकेक खवला स्पष्ट, जणू आत्ताच पाण्यातून काढलेला. कुठे चेपलेला नाही, कुठे फुगलेला नाही. मग त्याने ती रेघ उन्हात तिरकी धरली. रेघेच्या तळाशी बारीक पीळ उमटला होता, दोऱ्याला असतो तसा. ठसा आणि चकती यांच्या मधे एक धागा पडला होता आणि हातोड्याने तो चांदीत उतरला होता. कोणीही, कधीही, या नाण्याला छिन्नी लावली नव्हती.

पारखी तसाच टांकसाळीत गेला. तिथे कारागीर ठसे पुसत होते. पूर्वी त्यासाठी मऊ मलमल असे. आता त्यांच्या हातांत फाटक्या गोणपाटाचे तुकडे होते.

"मलमल कुठे गेली?" त्याने एकाला विचारले.

"साहेबांनी बंद केली," कारागीर हळूच म्हणाला. "मलमलीचा पैसा खजिन्यातून येतो. इथपर्यंत पोचत नाही. याचे धागे सुटतात हो, पण सांगायचं कोणाला?"

दारोग्याने पारख्याचे सगळे ऐकून घेतले. मग हात पुढे केला आणि ते नाणे मागितले. उलटसुलट करून पाहिले, राजाचे नाव खाली करायलाही तो कचरला नाही.

"चांगली पारख आहे तुमची," तो म्हणाला. "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिवशी मी बघितलं नाही."

"बघितलं नाही!" दारोगा हसला. "म्हणजे न बघता बाई नदीपार घालवलीत. चौकात सांगणार का हे? सांगा. पण मग लोक विचारतील, आधीचा निवाडा खोटा की आताचा? आणि खोट्या पारख्याचं काय करतात, ते तुम्हाला माहीत असेलच."

त्याने हात लांब केला आणि ते नाणे शेजारच्या मुशीत टाकले. मुशीत चांदी उकळत होती. पारखी बघत राहिला. नाणे कडेला टेकले, किंचित कलले आणि नाहीसे झाले.

परत येताना पारखी गोजराच्या घराशी थांबला. भट्टी गार पडली होती, वाळूत मांजर झोपले होते. चौकात बोलायची हिंमत नसली, तरी निदान म्हातारीला सांगावे, असे त्याच्या मनात होते. तो दार लोटून आत गेला.

"कोण?" म्हातारीने विचारले.

"मी. चौकातला पारखी."

म्हातारीने उठायची धडपड केली आणि डोक्यावर पदर ओढला. "बसा हो, बसा. तुम्हाला काय देऊ? घरात काही नाही." जरा वेळाने ती म्हणाली, "पोरीने माझ्या तुम्हाला त्रास दिला."

"नाही, आई, मी सांगायला आलो होतो की…"

"ती तोंडाची फटकळ आहे, पण असलं काही करेल असं मला वाटलं नव्हतं. शेजारीण म्हणते, तिनं नाही केलं. मी म्हटलं, अगं, पारख्याने बघितलंय. तो माणूस मान मोडेपर्यंत बघतो. त्याने घाव म्हटलं म्हणजे घावच. माझीच लेक चुकली." ती रडत नव्हती. सगळा हिशेब लागल्यासारखी शांत बोलत होती. "कराचा राग आला असेल तिला. सांगायचं तरी मला."

आपण आता सांगितले, तर म्हातारी शेजारणीला सांगेल, शेजारीण गल्लीला, गल्ली कोतवालाला. त्याने म्हातारीच्या उशाचे भांडे पाण्याने भरून ठेवले. मुलीचे लग्न पार पडू दे, मग बघू, असे मनाशी म्हणत तो घरी गेला.

पण गोणपाटाचे धागे सुटतच होते. तशीच रेघ असलेली आणखी नाणी चौकात आली. एकदा एक शिंपी आला. पारख्याने हात वर केला नाही. आता तो वर करूच शकत नव्हता. याला जन्मखूण म्हटले, तर गोजराचे काय, असे कोणीही विचारले असते. "घावासारखी," तो म्हणाला. शिंपी नदीपार गेला. मग तेल्याला आणले. तो त्याच्या भिंतीपलीकडचाच, त्याला रोज चिडवणारा. तेल्याने काही विनवणी केली नाही.

"आभाळाला नाही दाखवणार आज?" एवढेच त्याने विचारले.

घाणा थांबला. भिंतीपलीकडून येणारा बैलाच्या घुंगरांचा आवाज थांबला.

लोक नाण्याला भिऊ लागले. कुठल्या नाण्यावर कुठे रेघ असेल आणि ते कोणाच्या हातात असताना पकडले जाईल, याचा नेम नव्हता. आधी चांदीची नाणी घेईनासे झाले, मग कुठलीच. मीठ देऊन ज्वारी घ्यायची, ज्वारी देऊन मडके घ्यायचे. परगावचे व्यापारी यायचे थांबले. कापडवाले गेले, भांडीवाले गेले. चौकात सकाळीसुद्धा दारे बंद दिसत. पारख्याच्या मुलीला पाहायला येणारी मंडळीही निम्म्या वाटेवरून परतली. ज्या घरात नाणी येतात-जातात त्या घराशी सोयरीक नको, असा निरोप आला.

आणि पावसाळा सरता सरता गोजराची आई गेली.

निरोप पलीकडे पोचला. गोजरा धावत पैलतीरावर आली. नावाड्याच्या पाया पडली. शिपायांनी नाव अलीकडे येऊ दिली नाही. शेजारणीच्या नवऱ्याने अग्नी दिला. गोजरा पलीकडच्या वाळूत उभी राहून धूर बघत होती, अगदी धूर विरेपर्यंत. अलीकडच्या काठावर पारखीही उभा होता. इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त लुगड्याचा रंग दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पारखी चौकात उभा राहिला आणि बोलला. गोजराच्या नाण्यावर घाव नव्हता. शिंप्याच्या, तेल्याच्या नाण्यांवरही नव्हता. तो टांकसाळीतला धागा होता. मी बघितले नाही, म्हणून ते गेले.

ऐकायला फार कोणी नव्हते. बंद दारांआडून काहींनी ऐकले असेल. कोतवालाने जांभई दिली.

"दाखवा ती नाणी."

"वितळली. तिन्ही."

"मग तुमच्या शब्दावर धरायचं?"

"हो."

"त्या दिवशीही तुमच्याच शब्दावर धरलं होतं," कोतवाल म्हणाला. "बुवा, मी काही पारखी नाही. तुमचा कुठला शब्द खरा नि कुठला खोटा, हे मी कसं ओळखू?"

टांकसाळीवर आळ घेतला म्हणून त्याला नदीपार घालवण्याचा हुकूम झाला. बायको मुलींना घेऊन भावाकडे गेली. गोजराची, शिंप्याची, तेल्याची शिक्षा मात्र तशीच राहिली. जो स्वतःच खोटा ठरला, त्याच्या सांगण्यावरून कोणाला कसे सोडायचे?

पैलतीरावर उतरल्यावर त्याला लांबूनच वास आला. करपू न देता भाजलेल्या हरभऱ्यांचा. गोजराने काठाजवळ तीन दगडांची भट्टी मांडली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "चौकात, सगळ्यांसमोर. तुझ्या नाण्यावर घाव नव्हता. धागा होता."

"मला माहीत होतं घाव नव्हता," गोजरा म्हणाली. "मला काय नवीन सांगता?"

"मी बघायला पाहिजे होतं."

तिने झाऱ्याने वाळू हलवली. मग वर न बघता तिने विचारले,

"आईला सांगितलंत?"

"गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो."

"सांगितलंत?"

"नाही."

झारा थांबला. "मग ती काय समजून गेली?"

या वेळी पारख्याला न बघितल्यासारखे करता आले नाही. सगळे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"तूच केलंस असं समजून गेली," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवून."

गोजराने एकदाच त्याच्याकडे पाहिले. मग तिने ओंजळभर हरभरे वाळूत टाकले आणि ते तडतडू लागले. ती कढईवर वाकून झारा फिरवत राहिली. पारखी तिथेच उभा राहिला. बस म्हणावे, की जा म्हणावे, यातले काहीच ती बोलली नाही.

तात्पर्य: ज्याचे कामच बघणे हे आहे, त्याने बघायचे टाळून दिलेला निवाडा खोट्याहून वेगळा नसतो, आणि मागाहून बोललेले खरे, ज्याला ते ऐकायची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्यापर्यंत पोचतेच असे नाही.